भूकवचाचा ठाव कसा घेतात?

22 मे 1997 ची ती रात्र केशोरी परिसरातील वडीलधाऱ्यांना अजून आठवत असेल. तेव्हा आपला गोंदिया जिल्हा अस्तित्वात यायचा होता. आपण भंडारा जिल्ह्यातच मोडत होतो. नवतपा सुरू व्हायला दोन-तीन दिवस बाकी होते आणि उकाड्यामुळे सारी वस्ती अंगणात खाटा टाकून झोपलेली होती. पहाटे चार वाजून गेल्यानंतर खाटा हलल्या, मांडणीवरील भांडी वाजली, कुत्री ओरडू लागली. कोणी म्हणाले, खाटेखाली डुक्कर शिरले असावे. शेजारची एक म्हातारी आजी म्हणाली, "धरणीमायनं कूस बदलली, बाबा." दुसऱ्या दिवशी रेडिओवर बातमी आली तेव्हा समजले की जबलपूरजवळ भूकंप झाला आणि तिकडे माणसे दगावली.

पुढे वर्तमानपत्रांतून असे छापून आले की हा भूकंप 5.8 तीव्रतेचा होता आणि त्याचे केंद्र जमिनीखाली सुमारे 36 किलोमीटर खोलीवर होते. ही बातमी मी मुलांना वाचून दाखवीत असताना आठवीतील एका मुलाने विचारले, "गुरुजी, छत्तीस किलोमीटर खाली जाऊन पाहून आला कोण?" वर्ग हसला. मलाही हसू आले, पण उत्तर मात्र मला नीट देता आले नाही. प्रश्न अगदी रास्त होता. "शेषनागाने फणा हलविला" हे जर कोणी पाहिले नाही म्हणून आपण मानीत नाही, तर "छत्तीस किलोमीटर" हे तरी का मानावे? पुस्तकात छापले आहे म्हणून? तसे असेल तर दोहोंत फरक तो काय राहिला? त्या मुलाला देणे असलेले उत्तर या स्मरणिकेच्या निमित्ताने, उशिरा का होईना, देत आहे.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की खाली जाऊन कोणीही पाहिलेले नाही. आपल्याकडची विहीर तीस-चाळीस फूट, बोअर फार तर दोन-तीनशे फूट. माणसाने खोदलेले जगातील सर्वांत खोल छिद्र रशियातील कोला येथील. वीस वर्षांच्या खटाटोपानंतर ते 12,262 मीटरपर्यंत, म्हणजे सव्वाबारा किलोमीटरपर्यंत गेले. पृथ्वीच्या केंद्रापर्यंतचे अंतर सुमारे 6,371 किलोमीटर आहे. त्या मानाने हे छिद्र म्हणजे फणसाच्या सालीवर टोचलेला काटा! मग खालचे समजते कसे? ते समजते आवाजावरून.

रिकाम्या विहिरीत डोकावून हाक मारण्याचा खेळ आपण सर्वांनी लहानपणी केलेला आहे. हाक खाली जाते, पाण्यावर आपटते आणि परत येते. डोंगराच्या कड्यासमोर उभे राहून ओरडले आणि प्रतिध्वनी बरोबर एका सेकंदाने आला, तर कडा 170 मीटर अंतरावर आहे हे टेप न लावता सांगता येते, कारण हवेत आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो आणि त्याला जाऊन परत यावे लागते. जमिनीतही असेच होते. जमिनीवर घणाचा घाव घातला किंवा सुरुंग उडविला तर कंपनाच्या लहरी चोहोबाजूंनी खाली उतरतात. जिथे एका प्रकारचा खडक संपून दुसऱ्या प्रकारचा सुरू होतो, तिथे त्यांतील काही लहरी परततात, काही वळून पुढे जातात. वर ओळीने यंत्रे मांडून ठेवली की परत आलेली लहर किती वेळाने कुठे पोहोचली याची नोंद होते. भूकंपाच्या लहरींसारख्याच या लहरी असतात. फरक इतकाच की हा "भूकंप" आपण स्वतः केलेला असतो आणि तो केव्हा, कोठे झाला हे आपणांस सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत ठाऊक असते. म्हणून याला भूकंपीय सर्वेक्षण म्हणतात.

निरनिराळ्या पदार्थांत लहरींचा वेग निरनिराळा असतो, ही या सर्व विद्येची किल्ली होय. मोकळ्या कोरड्या मातीत लहर सेकंदाला तीनशे ते आठशे मीटर जाते. पाण्यात दीड किलोमीटर. काळ्या पाषाणात, म्हणजे बेसाल्टमध्ये, सुमारे पाच किलोमीटर आणि ग्रॅनाइटसारख्या खडकात सहा किलोमीटरच्या आसपास. भूकवचाच्या तळाकडे हा वेग सात किलोमीटरजवळ जातो आणि कवच संपून प्रावरण सुरू झाले की एकदम आठ किलोमीटरवर पोहोचतो. हा एकदम बदल क्रोएशियाच्या आंद्रिया मोहोरोविचिच या शास्त्रज्ञाने शोधला. 8 ऑक्टोबर 1909 रोजी त्याच्या देशात झालेल्या भूकंपाच्या नोंदी तपासताना त्याला आढळले की दूरच्या ठिकाणी एकाच भूकंपाची पहिली लहर दोनदा येते. एक वरच्या वाटेने आलेली, दुसरी खोलवरच्या जलद वाटेने आलेली. त्याच्या नावावरून त्या सीमेला थोडक्यात "मोहो" म्हणतात. कवचाचा तळ म्हणजे मोहो, एवढे वाचकांनी लक्षात ठेवले तरी पुढचे समजण्यास पुरेसे आहे.

खोल वाट लांब असूनही तिथून आलेली लहर आधी कशी पोहोचते, हे पुष्कळांना कोडे वाटते. आपल्याकडचेच उदाहरण घेऊ. केशोरीहून कोणास नवेगावबांधच्या बाजूने कोहमाऱ्यास जायचे आहे. एकजण बांधाबांधाने सरळ पायी निघाला. दुसरा आधी आडवा चालून सडकेला लागला आणि तिथून एस.टी. धरली. गंतव्य जवळचे असेल तर पायी जाणारा आधी पोहोचेल, कारण दुसऱ्याचा वेळ सडकेपर्यंत जाण्यातच खर्च होतो. गंतव्य दूर असेल तर मात्र एस.टी.वाला त्याला मागे टाकील. कोणत्या अंतरापासून एस.टी.वाला पुढे जाऊ लागला हे पाहिले की सडक किती लांब होती याचा हिशेब मांडता येतो. जमिनीखालचा कठीण खडक ही ती सडक.

हा हिशेब लहान प्रमाणात कोणासही करून पाहता येईल. लोखंडी तवा जमिनीवर ठेवून त्यावर घण मारतात आणि एका ओळीत बारा किंवा चोवीस भूश्रवक मांडतात. भूश्रवक म्हणजे मुठीएवढी डबी. तिच्यात स्प्रिंगवर टांगलेले तारेचे वेटोळे आणि एक लोहचुंबक असते, खाली जमिनीत रोवण्यासाठी खिळा असतो. जमीन हलली की वेटोळ्यात बारीकशी वीज निर्माण होते आणि ती यंत्रात नोंदली जाते. समजा मातीतील वेग सेकंदाला 500 मीटर आणि खालच्या खडकातील 5,000 मीटर आहे. आता सुमारे 22 मीटर अंतरापासून पुढे खडकातून आलेली लहर आधी पोहोचू लागली, तर खडक सुमारे 10 मीटरवर आहे असे गणित सांगते. धरणाचा पाया, पुलाचे खांब, कालव्याची खोदाई यांसाठी ही पद्धत जगभर वापरतात. इटियाडोहसारखे धरण पाहताना आपण भिंतीची उंची पाहतो; पण कोणत्याही धरणाचे खरे भवितव्य भिंतीखालचा खडक किती खोल आणि किती भेगाळलेला आहे यावर ठरत असते. येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. पाण्याने भरलेल्या मातीतही वेग दीड किलोमीटरवर जातो, त्यामुळे नवखा माणूस भूजलाची पातळी हाच मऊ खडक समजून बसतो. म्हणून एखादे बोअर मारून पडताळा घेतल्याशिवाय जाणकार मनुष्य अहवालावर सही करीत नाही.

दहा मीटरसाठी घण पुरतो. चाळीस किलोमीटरसाठी काय लागते? वरचेच गणित मोठ्या आकड्यांनी केले तर असे दिसते की मोहो चाळीस किलोमीटरवर असेल तर त्याच्याखालून धावलेली लहर सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढेच इतरांच्या आधी पोहोचते. म्हणजे सुरुंग गोंदियात उडवायचा आणि यंत्रे पार पुलगावच्याही पुढे मांडायची! सुदैवाने मोहोवरून तिरकस परावर्तित झालेल्या लहरी याहून जवळ, शंभर किलोमीटरच्या आसपासच, ठसठशीत मिळतात. गोंदियात सुरुंग उडाला तर नागपूरच्या अलीकडेपलीकडे. तरीही हे काम दोन-चार माणसांचे नव्हे. वीस-तीस मीटर खोल छिद्रे पाडून त्यांत स्फोटके भरावी लागतात, ती पाण्याने दाबावी लागतात, शेकडो भूश्रवकांच्या तारा धुऱ्यांवरून आणि नाल्यांतून ओढाव्या लागतात आणि सुरुंगाची नेमकी वेळ बिनतारी यंत्राने सर्वांना कळवावी लागते. वाऱ्याने झाड हलले, बैलगाडी गेली, मोटारपंप सुरू झाला तरी नोंद बिघडते.

आपल्या देशात हे काम हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने केले. ही संस्था 1961 मध्ये स्थापन झाली. 1972 मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञांच्या सहकार्याने पहिली रेषा घेतली गेली ती आंध्रच्या किनाऱ्यावरील कावलीपासून कर्नाटकच्या किनाऱ्यावरील उडुपीपर्यंत, सुमारे 600 किलोमीटर, म्हणजे दक्षिण भारत या समुद्रापासून त्या समुद्रापर्यंत आडवा कापून पाहिल्यासारखे. या कामाचे नेतृत्व डॉ. के. एल. कैला यांनी केले. त्यानंतर हीच मंडळी महाराष्ट्रात आली, आणि त्यास कारण कोयना.

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला आणि कोयनानगर उद्ध्वस्त झाले. तोवर दख्खनचे पठार म्हणजे अचल, असेच पुस्तकांत शिकविले जात होते. पठाराखाली काय आहे हे कोणासच ठाऊक नव्हते, कारण वर लाव्ह्याच्या थरांचे जाड पांघरूण. 1970 च्या दशकात या भागातून दोन रेषा घेण्यात आल्या: गुहागर ते चोरोची आणि केळशी ते लोणी. दोन्ही कोकणच्या किनाऱ्यावरून निघून सह्याद्री ओलांडून देशावर जातात. मोहो पस्तीस ते चाळीस किलोमीटरच्या दरम्यान असल्याचे त्यांतून आढळले. लाव्ह्याचे पांघरूण काही शे मीटरपासून सुमारे दीड किलोमीटरपर्यंत जाड असल्याचे दिसले.

आता वाचक विचारतील, हे आकडे खरे कशावरून? माझ्या मते या सबंध लेखातील सर्वांत महत्त्वाचा मजकूर तो हाच. या भागात पुढे चाळीस वर्षांनी प्रत्यक्ष खोदाई झाली. कोयनेजवळ रासाटी येथील छिद्रात 932 मीटरवर काळा पाषाण संपून ग्रॅनाइटी खडक लागला. गोठणे येथील तीन किलोमीटर खोलीचे छिद्र 2017 मध्ये पूर्ण झाले. तिथे तो 1,247 मीटरवर लागला. लाव्हा आणि ग्रॅनाइट यांच्यामध्ये गाळाच्या खडकांचा थर तिथे निघाला नाही. सुरुंगाच्या आवाजावरून बांधलेला अंदाज असा छिन्नीखाली आला, आणि बव्हंशी उतरला. अंदाज चुकला असता तर तोही सर्वांसमोर चुकला असता. शेषनागाच्या गोष्टीला अशी परीक्षा कधी द्यावी लागत नाही.

किल्लारीचे उदाहरणही येथे द्यायला हवे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेचा तो 6.2 तीव्रतेचा भूकंप, आणि त्यात गेलेली सुमारे दहा हजार माणसे. त्या वेळी आपल्या भागातूनही कपडे, धान्य गोळा करून पाठविलेले अनेकांना आठवत असेल. किल्लारीत नंतर घेतलेल्या 617 मीटर खोल छिद्रात लाव्ह्याची जाडी 338 मीटर भरली. त्या भूकंपाचे केंद्र दहा किलोमीटरच्याही आत, म्हणजे अगदी वरवर होते. आणि घरे दगडमातीची, जड धाब्याची होती. जबलपूरच्या धक्क्याशी याची तुलना पुढे येईल.

लाव्ह्याच्या पांघरुणाने शास्त्रज्ञांना आणखी एका बाबतीत फसविले. सडकेच्या उदाहरणात आपण असे गृहीत धरले की खालची वाट जलद आहे. पण वर जलद काळा पाषाण आणि त्याच्याखाली संथ वाळूचा खडक असेल तर? तर खालचा थर पहिल्या लहरीत दिसतच नाही. लहर वरूनच पळून जाते. मात्र काही अंतरावर ती अचानक मंदावते आणि पुढची लहर उशिरा, जणू पायरी चुकल्यासारखी येते. त्या चुकलेल्या पायरीवरून खालच्या लपलेल्या थराचा हिशेब करावा लागतो. मध्य प्रदेशातून निघून सेंधव्यावरून जळगाव जिल्ह्यातील सिंदाडपर्यंत गेलेल्या रेषेवर असेच झाले. नर्मदा-तापीच्या खोऱ्यांत लाव्ह्याखाली डायनासोरच्या काळातील गाळाचे थर, काही ठिकाणी एक किलोमीटरहून जाड, दडलेले असल्याचे उघडकीस आले. तेल आणि वायू शोधणाऱ्यांचे कान त्यामुळे टवकारले. दुसरी एक रेषा खजुरिया कलांपासून बैतूल-मुलताईवरून खाली उतरून आपल्या विदर्भातील पुलगावला संपते. दारूगोळ्याच्या भांडारामुळे पुलगावचे नाव सर्वांस ठाऊक आहे. या कारणासाठी ते नाव जगभरच्या भूशास्त्राच्या शोधनिबंधांत आहे, हे मात्र फार थोड्यांना माहीत असेल.

तेलाचा विषय निघालाच आहे तर मुंबई हायचे सांगून टाकतो. साठच्या दशकात सोव्हिएत सर्वेक्षण जहाजाने अरबी समुद्रात याच पद्धतीने पाहणी केली, तळाखाली एक मोठा घुमटाकार उंचवटा दिसला आणि 1974 मध्ये "सागर सम्राट"ने तिथे छिद्र घेऊन तेल काढले. समुद्रात आता सुरुंगाऐवजी दाबलेल्या हवेचा स्फोट करतात आणि जमिनीवर पुष्कळ ठिकाणी जड ट्रक आणून त्यांच्या पोटाखालील पट्टा जमिनीवर थरथरविला जातो.

आता आपल्या जवळ येऊ. गोंदिया जिल्ह्यात दख्खनचा लाव्हा नाही. तो नागपूरच्या आसपासच संपतो. आपल्याकडच्या मोठ्या भागात फार जुने पट्टित खडक उघडे पडलेले आहेत आणि त्यांना भूशास्त्रात आमगावचेच नाव दिलेले आहे. आपल्या उत्तरेस, बालाघाटच्या बाजूने, पूर्व-पश्चिम जाणारा एक जुना सांधा आहे. दक्षिणेकडील बस्तरचा भूखंड आणि उत्तरेकडील भूखंड शंभर कोटी वर्षांहूनही आधी जिथे एकमेकांवर येऊन आदळले आणि जोडले गेले, तो हा सांधा असे मानतात. राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने मध्य प्रदेशातील मुंगवानीपासून राजनांदगावपर्यंत या सांध्यावरून एक रेषा घेतली. या वेळी लांबवरच्या लहरींऐवजी थेट खालून परत येणारे प्रतिध्वनी नोंदले. मोहोपर्यंत जाऊन परत यायला लहरीला साडेबारा सेकंदांच्या आसपास लागतात. शांत बसून मोजून पाहा, तेवढ्या वेळात आपण तीन-चार श्वास घेतो. त्या नोंदीत सांध्याच्या दोन्ही बाजूंचे थर एकमेकांच्या विरुद्ध दिशांना कललेले दिसतात, आणि कवच चाळीस किलोमीटरहून जाड आहे. कोणता भूखंड कोणाखाली घुसला यावर विद्वानांत अजून एकमत नाही. चित्र एक आणि ते वाचणारे अनेक, म्हणून असे होते. त्यात लपविण्यासारखे काही नाही.

त्याचबरोबर या विद्येच्या मर्यादाही मान्य केल्या पाहिजेत. इतक्या खोलवर जाऊन येणारी लहर जाड असते. तिची एक लाट काही शे मीटर लांब भरते. त्याहून लहान वस्तू तिला दिसत नाही. आपले सबंध गाव तीस किलोमीटर खाली पुरले असते तरी त्या नोंदीत ओळखू आले नसते. आणि भूकंप केव्हा होणार हे तर ती मुळीच सांगत नाही. किल्लारीनंतर "अमुक तारखेला धक्का येणार" अशा आवया उठून माणसे रात्ररात्र बाहेर बसल्याचे आपण पाहिले. तशी तारीख सांगणारा, मग तो पोथीवाला असो की यंत्रवाला, खोटे बोलतो असे खुशाल समजावे.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळतो. जबलपूरच्या भागातून हिरापूर ते मंडला अशी रेषा भूकंपाच्या कितीतरी आधीच, 1980 च्या दशकात, घेऊन ठेवलेली होती. तिथे मोहो चाळीस ते पंचेचाळीस किलोमीटरच्या दरम्यान आहे आणि नर्मदेच्या दोन मोठ्या भ्रंशांमधील कवचाचा भाग वर उचललेला आहे. 1997 चा धक्का निरनिराळ्या वेधशाळांत किती वाजून किती सेकंदांनी पोहोचला हे नोंदले गेले. वेग ठाऊक असल्यामुळे त्या वेळांवरून मागे हिशेब करता आला आणि केंद्र सुमारे 36 किलोमीटरवर निघाले. दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या की कळते, धक्का कवचाच्या तळमजल्यात, मोहोच्या थोडा वर झाला. तो एवढ्या खोलवरून आला म्हणून लांबवर, पार आपल्या खाटांपर्यंत जाणवला. जबलपूरकडे चाळीसेक माणसे गेली, पण किल्लारीसारखा संहार झाला नाही. किल्लारीचा धक्का अधिक तीव्र होता हे खरे, परंतु तो पायाखाली अगदी जवळ होता, हेही तितकेच खरे.

अलीकडे सुरुंगाचा खर्च आणि परवानग्यांची यातायात टाळण्यासाठी दूरदेशीच्या भूकंपांचाच उपयोग करून घेतात. जपानकडे किंवा इंडोनेशियात मोठा धक्का बसला की त्याची लहर खालून वर येताना मोहोपाशी तिचा थोडा अंश दुसऱ्या, संथ प्रकारच्या लहरीत बदलतो आणि मूळ लहरीमागून चार-पाच सेकंदांनी वर पोहोचतो. तेवढ्या उशिरावरून त्या यंत्राखालचे कवच किती जाड आहे हे निघते. किल्लारीनंतर देशातील वेधशाळांची यंत्रे सुधारली, त्यामुळे हे आता शक्य झाले आहे. एका शांत खोलीत, सिमेंटच्या ओट्यावर ठेवलेले एक यंत्र. त्याला ना सुरुंग लागतो, ना घण. जगात कुठेतरी धरणी हलण्याची ते वाट पाहत असते.

त्या वर्गातील तो मुलगा आता चाळिशी ओलांडून गेला असेल. खाली कोणी गेले नव्हते, हे त्याचे म्हणणे बरोबरच होते. लहर गेली होती, आणि ती परत येईपर्यंत वरचे लोक घड्याळ लावून बसले होते.